द्वारकेचं ताट

डॉक्टर बोरोले एकेक बोट मुडपत सांगत होते आणि अक्का मान खाली घालून ऐकत होती.

“भात बंद. गूळ, साखर, गोडधोड सगळं बंद. तूप नाही, तळण नाही. ज्वारीची भाकरी, तीही एकच. पालेभाजी पोटभर. मुगाचं वरण, पण त्यात गुळाचा खडा टाकायचा नाही. पातळ ताक. रात्रीचं जेवण बंदच समजा. दिवेलागणीच्या आत वाटीभर काहीतरी हलकं घ्यायचं. गोळ्या मी देतो, पण नुसत्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. पायाचं बोट वाचवायचं असेल तर आधी तोंड सांभाळा.”

अक्काच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला ठेच लागून जखम झाली होती. होळीपासून ती भरत नव्हती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि मध्ये बोराएवढा खड्डा झाला होता.

अक्काने माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

“डॉक्टर, हे तर आमच्या द्वारकेचं ताट झालं.”

“द्वारका कोण? या का? यांना काय होतंय?”

“मला काही होत नाही,” मी म्हणाले.

“मग झालं तर. या खातात तेच तुम्ही खा. घरात वेगळा स्वयंपाकसुद्धा नको,” असं म्हणून डॉक्टर हसले.

डॉक्टर चांगले होते, पण गावात नवे होते. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलं नाही. अक्काला कळलं. 

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ, मनकर्णा. लग्न होऊन मी या घरात आले आणि दोन वर्षांच्या आत माझा नवरा विषमज्वराने गेला. मूल नव्हतं. माहेरी कुणी ठेवून घेण्यासारखं नव्हतं. सासूबाईंनी माझं लुगडं ठरवलं, झोपायची जागा ठरवली आणि ताटही ठरवलं. सकाळी एक भाकरी, पालेभाजी, बिनगुळाचं मुगाचं वरण, ताक. रात्री चुलीवरचं काही नाही. अंधार पडायच्या आत वाटीभर दूध नाहीतर मूठभर ज्वारीच्या लाह्या. सणाला पुरण मी वाटायचं, पोळ्या मी लाटायच्या, आणि माझ्या ताटात भाकरी.

गावातल्या पुष्कळ घरांनी तोवर हे सोडून दिलं होतं. आमच्याच गल्लीतली एक विधवा सून शाळेत शिकवायला जायची आणि लग्नकार्यात पंक्तीला बसून जिलबी खायची. आमच्या घराला मात्र जुन्या वळणाचा ताठा. भुसार मालाचं दुकान, चार माणसांत नाव, आणि नाव राखायला घरात मी होतेच.

सासूबाई गेल्या तेव्हा माझं ताट अक्काच्या हाती आलं. तिने त्यात कधी काही घातलं नाही आणि कधी काही काढलं नाही. दुष्ट होती असं नाही. दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं. मला ताप आला की उशाशी बसून राहायची, कपाळावर घड्या ठेवायची. पण तोंडाला चव यावी म्हणून चमचाभर शिरा दे म्हटलं, तर तिचे डोळे भरून यायचे आणि हात जागचा हलायचा नाही.

डॉक्टरांकडून आलो त्या दिवशी भाऊजी दुपारी जेवायला बसले. भाऊजी म्हणजे अक्काचा नवरा, माझे थोरले दीर. भला माणूस. कुणाला कधी वाकडा शब्द बोलले नाहीत, आणि सरळही फारसा बोलले नाहीत. आमच्याकडे बायकोने नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायची रीत. भाऊजी उठताना तिच्यासाठी मुद्दाम काहीतरी मागे ठेवायचे. त्या दिवशी अर्धा लाडू ठेवून उठले. त्यांची माया एवढीच, अर्ध्या लाडवाएवढी, पण रोजची.

अक्का त्या लाडवाकडे पाहत बसली. मग उठली, तो गाईला घालून आली आणि मला म्हणाली, “वाढ मला.”

मी दुसरं ताट घेतलं. माझ्या ताटात होतं तेच वाढलं. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका वेळी, एका ओळीत कधी जेवायला बसलो नव्हतो.

“भाजीत काय घातलंस?” दोन घास खाऊन तिने विचारलं.

“काही नाही. मीठ आणि जिऱ्याची फोडणी.”

“चांगली लागते.”

“इतकी वर्षं तुम्हीच वाढताय मला.”

“वाढत होते. चाखली कुठे होती?”

थोड्या दिवसांनी, अशाच एका दुपारी, ती म्हणाली, “रात्री भूक लागते गं.”

“लागते.”

“मग तू काय करतेस?”

“पाणी पिते. कुशीवर वळते.”

अक्काने हातातला घास तसाच धरून ठेवला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या वाटीत दूध काठोकाठ होतं आणि वर साय होती. तिची मजल तेवढीच जायची. मला राग यायला हवा होता. आला नाही. साय खाऊन टाकली.

आणि जखम भरायला लागली. बोराएवढी होती ती हरभऱ्याएवढी झाली. आषाढ लागेपर्यंत कडेला गुलाबी कातडी आली. डॉक्टर म्हणाले, “बाई, असंच चालू ठेवा. दिवाळीला चप्पल घालून बाजारात जाल.” अक्काच्या चेहऱ्यावरची सूज उतरली होती, अंग हलकं झालं होतं. जिना चढताना धाप लागत नव्हती. माझी मस्करीही करायला लागली होती.

“द्वारके, तू या भाकरीवर शंभर वर्षं जगशील बघ.”

“शाप देताय का?”

“मला सोबत हवी ना. मीही जगणार आहे.”

ती मस्करीत बोलली, पण तिला जगायचं होतं. दोघी मुली सासरी होत्या, धाकटीला दिवस गेले होते. “नातवाला पायांवर घेऊन न्हाऊ घालीन,” असं ती ज्याला त्याला सांगायची.

मग यमुनाआत्या आल्या. भाऊजींची आत्या, चाळीस वर्षं विधवा. माझ्यासारखंच ताट जेवून वाळलेल्या, आणि त्या ताटाचा त्यांना मोठा अभिमान. पावसाळ्यात दोन महिने भाच्याकडे राहायचा त्यांचा नेम होता.

दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो होतो. भाऊजी झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. एका ताटाकडे पाहिलं, दुसऱ्या ताटाकडे पाहिलं.

“या घरात माझ्यासारखी एकच होती,” त्या म्हणाल्या. “दुसरी कधी झाली?”

अक्काचा हात ताटातच राहिला.

“आत्या, डॉक्टरांनी सांगितलंय तिला,” भाऊजी झोपाळ्यावरून म्हणाले.

“डॉक्टर औषध सांगेल. कपाळावरचं कुंकू सांभाळायला डॉक्टर येणार आहे का? मनकर्णे, तुझा नवरा समोर बसलाय. त्याच्या डोळ्यांदेखत तू त्याच्या मरणाचं ताट जेवतेस आणि त्याला काही वाटत नाही?”

भाऊजींनी अडकित्ता मिटला, टोपी घातली आणि दुकानात गेले.

अक्काने ताटातलं अन्न संपवलं. टाकलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवताना ती दर घासाला झोपाळ्याकडे बघत होती.

त्याच आठवड्यात भाऊजींना ताप भरला. पावसाळ्यात आमच्या गावात घरोघरी हिवतापाचं अंथरूण असायचं. हुडहुडी भरली, डोळे पिवळे झाले, तोंडाला कोरड पडली. आत्या काही बोलल्या नाहीत. बोलायची गरजच नव्हती. नुसत्या जप करत ओसरीवर बसून राहिल्या.

भाऊजींनी दोन घास शिरा खाऊन ताट सारलं. मी ते उचलायला गेले तर अक्का त्याच्यापुढे बसलेली.

“अक्का, काय करताय?”

“नवऱ्याच्या ताटात जेवतेय. चोरी नाही करत.”

“तो शिरा आहे.”

“मला दिसतंय.”

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“डॉक्टरचं अजून लग्न व्हायचंय,” ती म्हणाली आणि उरलेला शिरा बोटांनी निपटून खाल्ला.

भाऊजींचा ताप उतरला. डॉक्टर बोरोल्यांनी कोयनेल दिलं होतं, इंजेक्शनं टोचली होती, त्याने उतरला. पण अक्काच्या मनात पक्कं बसलं की ताप शिऱ्याने उतरला. ती भाकरीवर आली आणि नवरा पडला. भाकरी सोडली आणि नवरा उठून बसला. याच्यापुढे डॉक्टरांची काय मात्रा चालणार? मी जखम धुवायची तेव्हा पट्टीला घाण वास यायला लागला होता. ती म्हणायची, “पावसाची हवा आहे, ओलसर राहतं.”

श्रावणातला शुक्रवार आला. जिवतीची पूजा, घरोघर सवाष्णी जेवायला. अक्काला चार घरची बोलावणी होती. गल्लीत तिच्याएवढी मानाची सवाष्ण नव्हती. तिला जेवू घातलं की घरात बरं होतं अशी बायकांची समजूत. आमच्याकडेही पुरण शिजत होतं. ती पाटावर बसून पुरण वाटत होती. पाय लांब केलेला, अंगठा निळा पडलेला. मी भाकरी थापत होते, माझ्यापुरती.

मला राहवलं नाही.

“अक्का, खरं सांगा. तुम्हांला भाकरी नको, की माझी भाकरी नको?”

“काय बोलतेस?”

“भाकरीचा काय दोष? गावचा पाटील भाकरी खातो. आपल्या दुकानातले हमाल खातात. त्यांच्या बायका खातात आणि कपाळभर कुंकू लावून फिरतात. या घरात ती मी खाते म्हणून वाईट झाली. हो ना?”

तिने वरवंटा थांबवला.

“मग मी सोडते,” मी म्हणाले. “आजपासून भाकरी तुम्ही खा. पुरणपोळी मी खाते. भात मी खाते, रात्री चुलीवरचं मी जेवते. म्हणजे भाकरी सवाष्णीची झाली. तुमचं ताट माझ्यासारखं राहणार नाही आणि तुमचा पाय राहील.”

हे मी हावरटपणाने बोलले असं पुढे आत्यांनी सगळ्या भाऊबंदांत सांगितलं. सांगू देत. पुरणपोळी मला खायची होतीच. वर्षानुवर्षं वास घेत होते, मला का नको वाटेल? पण त्या दिवशी मी ते पोळीसाठी बोलले नव्हते.

अक्का माझ्याकडे पाहत राहिली. तिने ‘शिव शिव’ म्हटलं नाही, कानांवर हात ठेवले नाहीत. ती विचार करत होती. मी शपथेवर सांगते, ती मनात दोन्ही ताटं मांडून बघत होती. तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी जरा उजेड आला.

“असं चालतं?” तिने हळूच विचारलं.

“तुम्ही चालवलंत तर चालेल.”

“मला भीती वाटते गं.”

“कशाची? पाय जाण्याची वाटत नाही?”

ओसरीवर वाती वळत बसलेल्या आत्यांचे कान तिखट. त्यांनी आत डोकावून भाऊजींना हाक मारली. “ऐकलंस का रे, तुझ्या भावाची बायको काय म्हणतेय? तिला पुरणपोळी हवीय.”

भाऊजी दारात आले. आजारातून उठलेले, गालफडं बसलेली. अक्काने पुरणाचे हात तसेच धरून त्यांच्याकडे पाहिलं.

“हे म्हणतील तसं,” ती म्हणाली.

मी तोवर भाऊजींसमोर कधी तोंड उघडून बोलले नव्हते. आमच्यात तशी रीत नव्हती. त्या दिवशी बोलले. सगळं पुन्हा सांगितलं. अंगठा दाखवला.

“भाऊजी, तुम्ही नुसतं हो म्हणा. बाकी मी बघते.”

एका शब्दाचं काम होतं. त्यासाठी ना पैसा लागत होता ना अक्कल. भाऊजी बायकोच्या पायाकडे बघत होते, मग आत्यांकडे बघितलं, मग भिंतीवरच्या जिवतीच्या चित्राकडे.

“आज सण आहे,” ते म्हणाले. “सणाच्या दिवशी घरात हे विषय नकोत.”

“मग कधी बोलायचं?”

“बघू. दिवाळी झाली की बघू.”

“आणि पायाला थांब म्हणून कोण सांगणार?”

त्यांनी चपला घातल्या आणि गेले.

अक्काने पुन्हा वरवंटा हातात घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाकरी करपतेय तुझी.”

त्या दिवशी ती चार घरी जेवली. हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून, माझ्या खांद्याचा आधार घेत लंगडत गेली. प्रत्येक घराच्या दारापर्यंत मी तिला सोडलं आणि बाहेर उभी राहिले. आत बायका आग्रह करत होत्या. “अक्का, अजून एक. तूप घ्या. सवाष्णीने नाही म्हणायचं नसतं.” शेवटच्या घरातून बाहेर आली तेव्हा तिला घाम फुटला होता. ओट्यावर बसून म्हणाली, “द्वारके, जरा थांब. डोळ्यांपुढे अंधारी येतेय.”

पोळ्याच्या आधी अंगठा काळा पडला. मग पाऊल. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि विचारलं, “घरात कुणाला नाक नव्हतं का?” भाऊजी म्हणाले, “तिने आधी सांगितलंच नाही.” मी बाजूला उभी होते. पाय घोट्याच्या वर काढला.

दवाखान्याचं जेवण अक्का घ्यायची नाही, परक्या हातचं म्हणून. मी धर्मशाळेत चूल मांडली होती. आत्यांनी तिच्यासाठी गावाहून लाडवांचा डबा पाठवला होता, सवाष्णीच्या तोंडाला गोड हवं म्हणून. एका दुपारी भाऊजी खाली चहाला गेले. अक्काने मला जवळ बोलावलं.

“तुझा डबा आणलायस?”

“माझा आहे.”

“उघड. आधी दार लोटून घे.”

मी दार लोटलं. भाकरी होती, मेथी होती. तिने भाकरी माझ्या हातातून ओढूनच घेतली आणि पाठ दाराकडे करून भराभर खाल्ली. मेथीचं पाणी हनुवटीवरून ओघळत होतं. दुसऱ्याच्या शेतातलं कणीस खाणाऱ्या पोरासारखी खात होती.

“आता खाऊन काय उपयोग,” ती म्हणाली. “पण चव आठवत होती.”

“रोज देते.”

“रोज नको. हे नसतील तेव्हा दे.” मग तिने तोंड पुसलं आणि विचारलं, “कुंकू पुसलं नाही ना माझं? बघ बरं.”

कुंकू होतं तसंच होतं.

कापलेली जागाही भरली नाही. विष अंगभर पसरलं. कार्तिकात, धाकट्या मुलीला मुलगा झाल्याचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, अक्का गेली. पत्र तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, “पायांवर घ्यायला पाय कुठे आहेत?” 

तिला हिरवं लुगडं नेसवलं, हातभर चुडा भरला, मळवट भरला. गल्लीतल्या, पलीकडच्या आळीतल्या बायका आल्या. सवाष्ण मेली की तिची ओटी भरायची, तिच्या पाया पडायचं, तिचं भाग्य आपल्याला लाभो म्हणायचं. मी इतके महिने जो पाय धुतला, ज्याची घाण काढली, त्याच्या जोडीचा पाय लुगड्याखालून पुढे आला होता. मी ओटीचं तबक घेऊन पुढे झाले तर यमुनाआत्यांनी माझं मनगट धरलं.

“आपण मागे व्हायचं,” त्या म्हणाल्या. “हे आपलं नाही.”

आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. बायका एकेक करून वाकत होत्या. उरलेल्या एका पायावर डोकं टेकत होत्या. एक नवी सून वाकली आणि दुसरा पाय हाताने चाचपायला लागली. तिच्या सासूने तिला दंडाला धरून उठवलं.

“भाग्याची,” सगळ्या म्हणत होत्या. “अहेवपणी गेली. सोनं झालं.”

अजूनही आमच्या गावात अक्काचं नाव निघालं की म्हाताऱ्या बायका हात जोडतात. याला आता पन्नास वर्षं होत आली. मी त्या घरातून कधीच बाहेर पडले, शिवणकाम करून पोट भरलं, आणि मला हवं ते मी खाते. पण ते निराळं.

तेराव्याला गोडाचं जेवण केलं. पंगत बसली. भाऊजी मधल्या पाटावर, शेजारी जावई, भाऊबंद. मी वाढत होते. पंगतीतून सगळ्यांना पोळ्या वाढत गेले. भाऊजींपुढे आले तेव्हा परातीतली भाकरी उचलली. ती मी सकाळीच थापून ठेवली होती.

“भाऊजी, तुमच्यासाठी भाकरी केलीय,” मी म्हणाले. “मुगाचं वरण आहे, बिनगुळाचं. पालेभाजी आहे. संध्याकाळी वाटीभर दूध देईन.”

पंगतीतला आवाज थांबला. भाऊजींनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, चीड नव्हती. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

“भाकरी कशाला?” त्यांनी विचारलं. “मला काय झालंय?”



“वाढ गं पोळी,” दारातून आत्या म्हणाल्या.

मी वाढली. वर तूपही वाढलं.